आज नुवेरी कोण

"बाबा, खरं सांगायचं हं. माझं नाव तुमच्या कुठल्या जुन्या मैत्रिणीचं आहे का?"

प्रश्न मैत्रिणींचा, पैज मैत्रिणींची, तोंड तेवढं तिचं. विचारून टाकलं आणि तिनं ताटात मान घातली. कान मात्र वरच ठेवले.

बाबांचा घास तोंडाशी जाऊन थांबला. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर कुठल्या कुठल्या इमारतींच्या तळखड्ड्यांत वाकून आणि गच्चीवरच्या खोल्यांत रांगून ते घरी यायचे, तेव्हा नखांतलं ग्रीस आणि कमरेतली कळ दोन्ही सोबत यायची. अशा माणसाला जेवताना एवढा धक्का द्यायचा नसतो, हे तिला घास थांबल्यावर कळलं.

"हे कुणाच्या डोक्यातून आलं?" बाबांनी विचारलं.

"माझ्याच."

"तुझं डोकं इतकं आडवं चालत नाही. ती वकील असणार."

वकील म्हणजे तिची बाकावरची शेजारीण. बसच्या कंडक्टरशीसुद्धा कलमं लावून भांडते म्हणून हे नाव पडलेलं.

"आधी उत्तर द्या. गप्प राहिलात तर होकार समजला जाईल."

"बघ, वकीलच बोलली." बाबांनी घास गिळला आणि ओट्याकडे मान वळवली. "अगं, ऐकलंस का? मला मैत्रीण होती म्हणे."

आई ओट्याशी उभी राहून जेवत होती. खुर्ची होती, रिकामी होती, पण बसलं की उठवत नाही म्हणून आई उभ्यानंच जेवायची. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीखात्यात होती. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलांवरची कापडं. सकाळी सात ते एक ही तिची पाळी. एक ते सातच्या पाळीला कुणी आलं नाही की तीही तिचीच. आणि हल्ली कुणी ना कुणी यायचंच नाही.

"ह्यांना मैत्रीण?" आई म्हणाली. "माझी नजर अधू, म्हणून ह्यांना बायको तरी मिळाली."

तिघंही हसले. पण ते हसणं चार जिने चढून आल्यासारखं होतं. मध्येच दम संपला आणि पुन्हा नुसता भांड्यांचा आवाज राहिला.

खरं तर सगळं शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत सुरू झालं होतं. तिचं नाव नुवेरी. सहावीत पहिल्या दिवशी हजेरीला ते ऐकून वकील म्हणाली होती, "नुवेरी. दिवसातून दोनदा, जेवणानंतर." त्या दिवसापासून शाळेत ती गोळी झाली ती झालीच. तिला त्याचं फारसं काही वाटायचं नाही, कारण गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला नुसता हात वर करणारी मुलगी होती. यंदा तिला कंठ फुटला. सकाळच्या सभेत बातम्या वाचायला ती स्वतःहून उभी राहिली, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागली. अडचण एकच. शेवटी "वाचक" म्हणून स्वतःचं नाव सांगितलं की मागच्या रांगांतून हमखास कुणीतरी ओरडायचं, "काय? परत सांग." चांगल्या दहा मिनिटांवर त्या एका "काय"नं पाणी पडायचं.

मग नावांचे अर्थ सांगणारी एक साइट लांबडीनं शोधून काढली. लांबडी म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, तिचं दुसरं काही वर्णन करायची कुणाला गरज पडली नव्हती. तिघींनी एका स्क्रीनमध्ये डोकी घातली. वकिलीच्या नावाला सव्वीस अर्थ निघाले. लांबडीच्या नावाच्या अडीच लाख मुली निघाल्या, म्हणजे एक गावच. गोळीच्या नावासमोर आलं: अर्थ, माहिती नाही. मूळ, माहिती नाही. लोकप्रियता, या नावाची एकही मुलगी आढळली नाही.

"गोळी, तू नाहीयेस," लांबडी म्हणाली.

"मग गणिताचा पेपर कुणी दिला?"

"निकाल बघून आम्हालाही तीच शंका आली होती."

वकिलीनं मात्र खुर्ची मागे सरकवली आणि प्रकरण हातात घेतलं. "हे बघ. आजीचं नाव नाही, देवाचं नाही, नटीचं नाही. अर्थ नाही, मूळ नाही. असलं नाव बाप एकाच कारणानं ठेवतो. जुनं प्रेम. विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलते."

दप्तराचा मोह होताच. पण त्याहून मोठं कारण दप्तराच्या आत होतं. शेवटच्या परीक्षेचा निळा अर्ज. सरांनी वर्गात तो वाटताना सांगितलं होतं, "अर्जावरचं नाव प्रमाणपत्रावर जातं आणि प्रमाणपत्रावरचं पेन्शनपर्यंत. कुणाला बदल हवा असेल तर सोमवारपर्यंत, आईवडिलांच्या सहीनं. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही." तिनं मागच्या पानावर बदलाच्या रकान्यात पेन्सिलीनं एक नाव लिहून ठेवलं होतं. साधं, सोपं. वर्गात त्या नावाच्या आधीच तिघी होत्या. म्हणजे ती चौथी. चौथीला कुणी "काय? परत सांग" म्हणत नाही.

जेवण झाल्यावर तिनं अर्ज टेबलावर पसरला. बाबांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला, लिफ्टचा नकाशा वाचावा तसा.

"कुठे सही करायची?"

"खाली. तुमचं काही म्हणणं नाही?"

"मला काय. मी तुला मॅडमच म्हणतो, ते कुठल्याच अर्जात येत नाही. तुझ्या आईला विचार. नाव तिनं ठेवलंय."

आई भांडं घासत होती ते घासतच राहिली. "बदल की," ती म्हणाली. "तुझं आहे." मग नळ बंद करून म्हणाली, "फक्त त्या बाईंना एकदा सांगून ये. ज्यांचं आहे त्यांना न सांगता टाकलं तर बरं दिसणार नाही."

"कुठल्या बाई?"

आई खुर्चीवर बसली. ती बसली म्हणजे गोष्ट लांबणार, हे बाबांना कळलं आणि ते उठून चहा ठेवू लागले.

"तू झालीस आणि मला ताप भरला," आई म्हणाली. "साधासुधा नव्हे. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बसवून ठेवलं, आत येऊ देईनात. चष्मा काढून कुठे ठेवला होता कुणास ठाऊक. चष्म्याशिवाय मला काय दिसणार, नाकापुढे वीतभर. पलीकडे सगळं धुकं. त्या धुक्यात एक नर्स माझ्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसली होती. कपाळावरची पट्टी बदलायला वाकली की छातीवरची नावाची पट्टी माझ्या नाकाशी यायची. तेवढी वाचता यायची. नुवेरी. डोळे उघडले की नुवेरी. किती वेळा उघडले असतील, प्रत्येक वेळी तीच. नंतर ह्यांनी सांगितलं, छत्तीस तास ताप होता. छत्तीस तास ती बाई जागची हलली नाही, नुवेरी. ना ओळख ना पाळख."

आई तिला नेहमी पूर्ण नावानं हाक मारायची. घरातली, शाळेतली, जगातली एकटी तीच.

"कशी होती दिसायला?"

"दिसलीच नाही तर काय सांगू. जरा लहरी होती एवढं खरं. मध्येच गुणगुणायची, मध्येच अगदी गप्प. एकदा तर चांगली खेकसली माझ्यावर, पाय झटकू नको म्हणून. माणूस दमला की होतंच तसं. तरी उठली नाही." आईनं बोटांनी डोळे चोळले. "ताप उतरला तेव्हा खुर्ची रिकामी होती. आभार मानायचे राहिले. नावाचा अर्थ विचारायचा राहिला. म्हटलं, रजा मिळाली की जाऊन येऊ."

"मग?"

"मग काय. पंधरा वर्षं झाली."

आता तिला घरातली एक जुनी गोष्ट नीट कळली. आई दोन्ही पाळ्या करून यायची तेव्हा बाबा म्हणायचे, अगं, नाही म्हणायला काय होतं तुला. आणि आई दर वेळी तेच उत्तर द्यायची, "तिला परक्या बाईसाठी छत्तीस जमले, मला बारा जमू नयेत?" लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. ही 'ती' कोण, असं तिनं कधी विचारलंच नव्हतं. वाटायचं, कारखान्यातली कुणीतरी असेल.

शनिवारी अर्धी शाळा होती. पैज हरलेली वकील दप्तर उचलून फाटकापर्यंत आली आणि सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तू नाव परत करायला चाललीयस. दुकानात बदलून देतात तसं. बिल आहे का?"

"तू येतेस का?"

"मला दवाखान्याच्या वासानं मळमळतं. पण लेखी घेऊन ये त्यांच्याकडून."

प्रसूती विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लांब व्हरांडा, भिंतीला टेकून ठेवलेल्या चाकांच्या दोन खुर्च्या, एका दारामागे एकाच वेळी रडणारी तीनचार बाळं. मध्ये एक टेबल आणि टेबलामागे एक पोक्त सिस्टर, पायांतल्या चपला काढून, सुजलेले घोटे एका खोक्यावर ठेवून तक्ते भरत होत्या. तिनं नमस्कार केला, तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"भेटायची वेळ चारनंतर."

"मला पेशंटला भेटायचं नाही. मला नुवेरी सिस्टरांना भेटायचंय. पंधरा वर्षांपूर्वी त्या इथे होत्या."

पेन थांबलं. सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या हसताहेत हे तिला थोड्या वेळानं कळलं, कारण आवाज काहीच येत नव्हता.

"त्यातली कुठली नुवेरी हवीय तुला?" त्या म्हणाल्या.

"किती होत्या?"

"मी होते. एक गाणारी होती. आणि एक खडूस होती, तिला पेशंट घाबरायचे, आम्हीही घाबरायचो. बस इथे. त्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो, जपून."

ती जपून बसली. सिस्टरांनी तक्ता बाजूला सारला आणि घोटे चोळत सांगायला लागल्या. त्या काळी त्या तिघी तात्पुरत्या होत्या, सहा सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेल्या. कायम झाल्याशिवाय नावाचा बॅज मिळत नसे. आणि बॅज नसेल तर औषधांच्या खोलीतला माणूस आत सोडत नसे, अगदी ओळखीचा असला तरी. नियम म्हणजे नियम. मग टेबलाच्या खणात एक बॅज सापडला. त्यांच्याआधी कुणी नुवेरी नावाची नर्स कायम नोकरीत लागली होती, तिचा. ती आठव्या दिवशी काम सोडून गेली होती, बॅज तसाच टाकून.

"मग जिची ड्यूटी तिनं तो लावायचा," सिस्टर म्हणाल्या. "सुटताना काढायचा आणि पुढचीच्या छातीवर टोचायचा. दीड वर्ष चाललं तसं. औषधवाल्यालाही माहीत होतं. त्याला बॅज दिसल्याशी मतलब."

"आणि ज्यांचं खरं नाव होतं, त्या कुठल्या होत्या? कुठल्या भाषेतलं आहे ते?"

"कुणाला ठाऊक. आम्ही तिला पाहिलीच नाही. अर्थ म्हणशील तर आमच्यात एकच अर्थ होता. आल्या आल्या विचारायचो, आज नुवेरी कोण? म्हणजे आत्ता पाळी कुणाची."

मग तिनं आईची सगळी गोष्ट सांगितली. ताप, चष्मा, खुर्ची, छत्तीस तास. सांगताना तिचा आवाज जरा चढला, सभेत बातम्या वाचल्यासारखा, आणि पलीकडच्या खाटेवरची एक बाई कूस बदलून ऐकू लागली.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मला तुझी आई आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस. इथे किती आया आल्या आणि गेल्या. पण छत्तीस तास? मी काय पुतळा आहे? आठ तास झाले की बॅज काढायचा, घरी जायचं आणि आडवं व्हायचं. न झोपता बसले असते तर तुझ्या आईला भलतंच इंजेक्शन दिलं असतं मी. एकदा एका बाईनं दुसऱ्या वॉर्डात तसंच केलं होतं, सलग दोन ड्यूट्या करून. नशीब, वेळेत लक्षात आलं. तेव्हापासून आम्ही एकमेकींना बजावून ठेवलं होतं. तुझे तास झाले, बॅज दे आणि नीघ."

"म्हणजे तिच्याजवळ कुणीच बसून राहिलं नव्हतं?"

"असं कसं. सतत कुणीतरी होतंच की. म्हणून तर वाचली ना ती." सिस्टरांनी चपला पायांत सरकवल्या. कुठली तरी घंटी वाजत होती. "तुझं काय काम होतं पण? ते राहिलंच."

"नाव बदलतेय. सांगायला आले होते."

"बदल की," सिस्टर उठत म्हणाल्या. "आम्हीही रोज बदलायचो."

परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. आईला हे सांगायचं कसं? पंधरा वर्षं आई एका बाईशी बरोबरी करत उभी होती, आणि ती बाई नव्हतीच. बसमधून उतरल्या उतरल्या तिनं वकिलीला फोन केला. सगळं सांगितलं.

"नको सांगूस," वकील म्हणाली. "नाव बदल, सही घे, विषय संपव. ते तुझ्या आईचं आहे, तिच्याकडेच राहू दे."

घरी आई कपड्यांच्या घड्या घालता घालता वाट बघत होती. "भेटल्या?"

"नाही," ती म्हणाली. "त्या आता तिथे नसतात."

तसं ते खोटंही नव्हतं. आईनं मान हलवली आणि पुढची घडी घातली. "असो," म्हणाली. "आपणच उशीर केला."

रविवारी सकाळी कारखान्यातून बोलावणं आलं. एक बाई आजारी, एकीकडे पाहुणे. आई सातला गेली आणि दुपारी दुसरी पाळीही गळ्यात पडल्याचा निरोप आला. बाबा कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेलेले. डबा घेऊन तीच निघाली.

इस्त्रीखात्यात ती लहानपणी एकदा आली होती. तेव्हा वाफ बघून मजा वाटली होती. आता दारातच तोंडावर गरम ओला फडका बसल्यासारखं झालं. लांबच लांब टेबलं, वरून लोंबणाऱ्या तारा, आणि टोकाला मोठं रोलर यंत्र. त्याच्या तोंडात दोघी दोन बाजूंनी चादर धरून सारायच्या, पलीकडून ती कडक, सपाट होऊन बाहेर यायची. आई एका टोकाला उभी होती. दुसऱ्या टोकाची बाई काहीतरी बोलत होती आणि आई मान डोलावत होती.

ती जवळ गेली तेव्हा तिला दिसलं की आई मान डोलावत नव्हती. आईचे डोळे मिटलेले होते. चादर हातांतून सरकत होती, आणि चादरीबरोबर हातही.

"आई."

आईनं दचकून हात मागे घेतला. बोटं वाचली. मनगटाची बाजू मात्र तापलेल्या पत्र्याला घासली आणि कातडीवर बोटभर लांब लाल पट्टा उठला. चादर वाकडी आत गेली, यंत्र थांबवावं लागलं. समोरच्या बाईनं आईला नळाकडे नेलं. मुकादमीण आली, पट्टा पाहिला, चादर पाहिली, आणि म्हणाली, "घरी जा बाई तू. उद्या परत कमी आहेत, उद्याही लागणार आहेस."

"येते की," आई नळाखाली हात धरून म्हणाली. "एवढंसं तर भाजलंय."

दोघी घरी आल्या तेव्हा उन्हं कलत आली होती. बाबा नुकतेच येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. आईचा हात बघून त्यांनी बादलीतून पाय काढले आणि ओल्या पायांनीच मलम शोधायला गेले. फरशीभर पावलं उमटली.

"हे बघा, आता दोघांनी बोलू नका काही," आई खुर्चीवर बसत म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं. तिला छत्तीस..."

"तिला आठच जमले, आई."

तिला वाटलं होतं, सांगायचं झालंच तर हळूहळू, घोळवून सांगावं. पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. व्हरांडा, डुगडुगतं स्टूल, खणातला बॅज, आठव्या दिवशी सोडून गेलेली खरी नुवेरी, औषधांच्या खोलीतला माणूस. काही वगळलं नाही. सिस्टरांना आई आठवत नाही, हेसुद्धा नाही.

बाबा मलमाची ट्यूब हातात घेऊन तसेच उभे होते.

"म्हणजे गाणारी वेगळी?" आईनं विचारलं.

"वेगळी."

"आणि खेकसली ती?"

"ती खडूस. तिला सगळेच घाबरायचे."

"मला वाटलं, लहरी आहे." आई मनगटाकडे बघत राहिली. "मी चादर ओढताना मनात म्हणायचे, ती नाही उठली, तर तूही उठायचं नाहीस. रोज म्हणायचे. दुसऱ्या पाळीचे शेवटचे दोन तास तर त्याच्यावरच निघायचे." तिचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "मग मी कुणाच्या नावानं उभी होते इतके दिवस?"

बाबांनी आईचा हात मांडीवर घेतला आणि मलम लावू लागले, लिफ्टच्या दारांना तेल देताना लावतात तसं, अगदी कडेकडेनं.

"मला फसवलं नाही कुणी," आई म्हणाली. "तसं नाही म्हणत मी. तिघी आल्या, ते काय कमी आहे? पण मला कुणीतरी सांगायला हवं होतं." मग ती हसली, खरंखुरं, नाकातून. "चष्मा द्यायला हवा होता."

"अगं, चष्मा माझ्याकडेच होता," बाबा म्हणाले. "खिशात. फुटू नये म्हणून मी सांभाळून ठेवलेला."

"पंधरा वर्षांनी सांगताय."

"विचारलंस कधी?"

आईनं डोळे मिटून मान मागे टाकली. खुर्चीत इतकी सैल बसलेली आई तिनं कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, आता ही इथेच झोपेल, आणि उद्या सकाळी साडेसहाला उठून पुन्हा जाईल, कारण मुकादमिणीला 'येते' म्हणून आली आहे. ही बाई शब्द मोडत नाही. हा पट्टा उद्यापर्यंत काळा पडेल, आणि पुढच्या वेळी हाक मारायला कुणी नसेल.

तिनं दप्तरातून निळा अर्ज काढला. पेन्सिलीनं लिहिलेलं नाव खोडलं. रबर जुनं होतं, कागदावर राखाडी डाग पडला, पण नाव वाचता येत नव्हतं. अर्ज तिनं बाबांपुढे ठेवला.

"सही पुढच्या पानावर करा. मागच्या नको."

"मॅडमचं मत बदललं?"

"दोघंही नीट ऐका, मी एकदाच सांगणार आहे." ती उभी राहिली. पटांगण नव्हतं, एवढीशी खोली होती, तरी तिचा आवाज तोच लागला. "नाव मी बदलत नाही. अर्जावर नुवेरीच जाणार, आणि कुणी 'काय' म्हणालं तर मी परत सांगीन, मला काही कष्ट पडत नाहीत. दुसरं. उद्यापासून शाळा सुटली की स्वयंपाकघर माझं. परवा बाबांचं. येत नसेल तर बाबांनी शिकायचं. तेरवा आईचं, पण तिचा हात बरा झाल्यावर. आणि उद्या एक वाजता मी कारखान्याच्या दारात येऊन उभी राहणार आहे. मधल्या सुट्टीत सरांना सांगून येईन. मुकादमीणबाईंनी दुसऱ्या पाळीला थांबवलं तर मीच बोलणार त्यांच्याशी. सांगणार, हिचे तास झाले, आता हिला घरी सोडा. आई, तू काही बोलायचं नाहीस. तू फक्त बाहेर यायचंस."